परक्या हातचा घास

दरवर्षी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागते. मुलांच्या परीक्षा सुरू होत आहेत, ड्रिलिंगची कामं पुढे ढकलावीत, हॉलमध्ये कार्यक्रम ठेवू नयेत. खाली सेक्रेटरींची सही. ती वाचली की मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर येते.

डोंबिवलीत हे दिवस तसे चांगले असतात. सकाळी अजून गारवा असतो. बदामाची मोठी लाल पानं रस्त्यावर पडलेली असतात आणि झाडूवाली ती रोज गोळा करत असते. दहा वाजता पारदर्शक पाउच घेतलेली मुलं रिक्षांतून उतरतात. बरोबर आया असतात, कधी बाप रजा टाकून आलेले असतात. "हॉल तिकीट घेतलंस ना?" हे गेटपर्यंत चारदा विचारलं जातं आणि मुलगी चारदा वैतागते. मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं मराठी शिकवते. त्यामुळे परीक्षा हा माझ्यासाठी एक ऋतूच आहे. कोऱ्या पुरवण्यांचा वास, त्या बांधायचे पांढरे दोरे, पहिल्या घंटेनंतर वर्गात पडणारी शांतता, हे सगळं मला एकेकाळी आवडायचं.

वर्गात षड्रिपू शिकवताना मी फळ्यावर सहा शब्द लिहिते. मत्सर शेवटी येतो. तोवर खडू झिजलेला असतो, तास संपत आलेला असतो. मुलं काम आणि क्रोधावर हसून घेतात, मत्सराकडे कुणी लक्ष देत नाही. मीही देत नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीपर्यंत.

केतकी, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीला होती. डिसेंबरात तिची झोप गेली. मग तिनं खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली, कारण समोरच्या इमारतीतले लोक तिच्याबद्दल बोलतात असं तिला ऐकू यायचं. आंघोळ बंद झाली. वह्या तशाच पडल्या. आम्ही डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या मिळाल्या, पण ती गोळी घ्यायलाच तयार होईना. माझी मोठी बहीण म्हणाली, "अगं, वरणात कुस्करून दे. तिला कळणारही नाही." मी तसं केलं. नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी वाटीच्या तळाशी पांढरा चुरा राहिला आणि तो तिला दिसला. ती ओरडली नाही. तिनं वाटी उचलली, बेसिनमध्ये धुतली, जागेवर ठेवली आणि त्यानंतर माझ्या हातचं काहीही खाल्लं नाही.

आठवड्याभरात ती इतकी उतरली की डॉक्टरांनी ॲडमिट करायला सांगितलं. ठाण्याच्या एका रुग्णालयात मानसोपचाराचा वेगळा मजला होता. तिथल्या सिस्टरनं केतकीच्या पायजम्याची नाडी काढून घेतली, केसांतल्या पिना काढून घेतल्या, इअरफोन काढून घेतले. माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. मी ती छातीशी धरून उभी होते तेव्हा केतकी डॉक्टरबाईंना शांतपणे म्हणाली, "हिला आत येऊ देऊ नका. ही माझ्या जेवणात काहीतरी घालते."

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात नुसती सहानुभूती होती. त्यांना वाटलं असणार, हाही आजाराचाच भाग. मला गप्प राहता आलं असतं.

"खरं आहे ते," मी म्हणाले.

त्यांनी केतकीला सिस्टरबरोबर आत पाठवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं करायला नको होतं. औषधानं तिची भीती कमी होईल. पण तुमच्यावरचा विश्वास औषधानं परत येत नाही, त्याला वेळ लागतो. ती बोलवेल तेव्हाच भेटा."

भेटीची वेळ दुपारी चार ते पाच. चार वाजता माझा नवरा सतीश आत जायचा आणि मी बाहेर बाकावर बसायचे. वॉर्डच्या दाराला एक हातभर काच होती. त्यातून केतकीची कॉट अर्धी दिसायची. सतीश स्टुलावर बसलेला, तिचे पाय चादरीखाली. ज्या माणसाला तिच्या लसीकरणाचं कार्ड कुठल्या खणात आहे हे अठरा वर्षांत माहीत नव्हतं, तो आत, आणि मी बाहेर. तो बाहेर आला की मी त्याची उलटतपासणी घ्यायचे.

"काय म्हणाली?"

"काही नाही. बसलो होतो."

"तासभर नुसते?"

"तिला बोलायचं नव्हतं. मलाही नव्हतं."

"माझं काही विचारलं?"

सतीशला खोटं बोलता येत नाही. तो चपलेचा पट्टा नीट करत बसायचा. त्याला माझी दया येत होती, आणि त्या दिवसांत मला त्याच्या दयेचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

राग सगळ्यांचाच यायचा. खालच्या मजल्यावर हाडांचा वॉर्ड होता. तिथे एका कॉलेजच्या मुलाच्या प्लास्टरवर मित्रांनी चित्रं काढली होती, नातेवाईक शहाळी घेऊन येत होते, जिन्यात हसत होते. पाय मोडणं किती सरळ असतं! ते सांगता येतं. आम्ही शेजाऱ्यांना केतकीला कावीळ झालीय आणि ती मामाकडे आहे असं सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीताई लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बिचारी केतकी, वर्ष गेलं ना गं! आमचा ओजस बघ, प्रिलिमला ब्याण्णव टक्के पडले तर दोन दिवस जेवला नाही." मी हसले, आणि मनात अगदी स्पष्ट इच्छा आली की याचा एखादा तरी पेपर बिघडू दे. त्या इच्छेची मला तेव्हा लाजही वाटली नाही.

जानेवारीत मी कॉलेजात एक फॉर्म भरून दिला होता. आपलं मूल परीक्षेला बसत असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, मग पर्यवेक्षणाचं काम देत नाहीत. फेब्रुवारीत प्राचार्यांना जाऊन सांगावं लागलं की मुलगी बसत नाही. ते फाइल बंद करून म्हणाले, "अरेरे. मग मॅडम, तुम्हाला ड्यूटी घेता येईल." मी घेतली. पहिल्या पेपरला वर्गात पंचवीस मुलं होती. मी बारकोडचे स्टिकर वाटले, सह्या केल्या. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीची वेणी घट्ट, सरळ भांगाची, टोकाला काळं रबर अशी होती. स्वतःच्या हातानं अशी वेणी घालता येत नाही. मी तिच्या मागे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी तिनंच वळून विचारलं, "मॅडम, काही चुकलं का?"

"नाही गं. लिही तू."

पेपर सुटला की तशीच स्टेशन गाठायची आणि ठाण्याला जाऊन बाकावर बसायचं. सहाव्या की सातव्या दिवशी मी काचेतून भारतीताईंना पाहिलं.

केतकीच्या शेजारच्या कॉटवर रंजना नावाची बावीसएक वर्षांची मुलगी होती. ती बोलत नसे. कुणाकडे बघतही नसे. तिची आई भारतीताई खडवलीहून यायच्या. तिकडे त्यांची थोडी भाजीची शेती होती आणि सकाळी कल्याणच्या बाजारात माल देऊन त्या पुढे ठाण्याला यायच्या. पायाला माती असायची, हातात कापडात गुंडाळलेला डबा. रंजना त्यांच्या हातचा घास घ्यायची नाही, तोंड भिंतीकडे फिरवायची. त्या दिवशी सतीशला ऑफिसातून निघता आलं नव्हतं. केतकी एकटी होती. भारतीताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर लाल चटणी ठेवली, रंजनापुढे धरला. मग थोडं थांबून तोच हात केतकीकडे वळवला.

आणि माझ्या मुलीनं तोंड उघडलं.

मी काचेला कपाळ लावून बघत होते. एक घास, दुसरा, तिसरा. तिनं जीभ भाजल्यासारखं केलं, चटणी तिखट असणार. भारतीताई हसल्या आणि त्यांनी पदरानं तिचा ओठ पुसला. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. महिनाभर नीट न जेवलेलं पोर जेवत होतं. पण मला जे झालं त्याला मी आता दुसरं नाव देणार नाही. माझ्या छातीत आग झाली. ही कोण बाई? हिला काय माहीत की केतकीला लहानपणी तिखट लागलं की मी साय द्यायचे? हिच्या मातीच्या नखांत असं काय आहे जे माझ्या धुतलेल्या हातांत नाही?

तीन दिवस मी ते पाहिलं. रोज चारला तो डबा उघडायचा. केतकी आता आधीच उठून बसलेली असायची. चौथ्या दिवशी मी मुख्य सिस्टरकडे गेले आणि अगदी शुद्ध, शिक्षिकेच्या भाषेत तक्रार केली. दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक माझ्या मुलीला बाहेरचं अन्न देतात, स्वच्छतेचा प्रश्न आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? सिस्टर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, नियमच आहे तो." दुसऱ्या दिवशी भारतीताईंना सांगण्यात आलं. मी काचेतून तेही पाहिलं. त्यांनी डबा बंद केला, कापडाला गाठ मारली, आणि पूर्ण वेळ केतकीकडे पाठ करून बसल्या. नियम म्हणजे नियम, असंच त्यांना वाटलं असणार.

केतकीनं त्या संध्याकाळी वॉर्डातलं जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला, आज नाही खाल्लं तर सलाईन लावू, मग नळीचा विचार करावा लागेल. "मधे छान खायला लागली होती," त्या म्हणाल्या, "काय बिनसलं कळत नाही."

मला कळत होतं.

त्या दिवशी मी ड्यूटी दुसऱ्या मॅडमना देऊन सकाळीच ठाण्याला गेले. सिस्टरना सांगितलं की माझी हरकत नाही, माझी चूक झाली. सिस्टर वैतागल्या. "तुम्ही आधी नक्की ठरवा हो." शेवटी डॉक्टरबाईंनी परवानगी लिहून दिली. मग मी गेटापाशी भारतीताईंची वाट बघत उभी राहिले. ऊन चढलं होतं. साडेतीनच्या सुमाराला त्या आल्या, डोक्यावर पदर, हातात डबा.

"मी केतकीची आई," मी म्हणाले. "तुमची तक्रार मी केली होती."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "शिस्टरनी सांगलंन."

"मला ते बघवलं नाही. ती तुमच्या हातचं खात होती, माझ्या नाही."

वाटलं होतं, त्या मला चार शब्द सुनावतील. मला ते हवंही होतं. त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आज जेवली का पोर?"

"नाही. दोन दिवस नाही."

"मग हिथं कशाला उभी ठेवलीत मला?" असं म्हणून त्या तरातरा आत गेल्या.

केतकी त्या दिवशी अर्धी भाकरी जेवली. मी काचेपाशी उभी होते. बरं वाटलं, आणि आगही झाली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी सिस्टरनं दार उघडून हाक मारली, "केतकीची आई, आत या. बोलावलंय." आत जाताना कळलं की भारतीताईंनीच तिला सांगितलं होतं, तुझी आय रोज बाहेर बसते, तिला एकदा बघ तरी. म्हणजे माझ्या मुलीची भेट मला त्या बाईच्या शब्दावर मिळाली. हेही मला टोचलं. मी सगळंच सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही सांगते.

केतकी कॉटवर मांडी घालून बसली होती. केस वाढलेले, गाल थोडे भरलेले. मी बरंच काही बोलायचं ठरवून आले होते.

"माझ्या वरणात घालत होतीस तू," ती म्हणाली. "नऊ दिवस. समोर बसून विचारायचीस, मीठ बरोबर आहे का गं."

"चुकलं माझं."

"हो, चुकलंच. मला सांगायचं ना आई! भांडायचं माझ्याशी. मारायचं एक. मला वाटायचं लोक माझ्याबद्दल बोलतात, ते खोटं होतं ना? सगळे सांगत होते खोटं आहे. आणि घरातलं खरं निघालं. मग मी काय खरं धरायचं?" तिचा आवाज चढत गेला. पलीकडच्या कॉटवरची आजी उठून बसली. "मला तुझा राग येतो. गोळी घेतली तरी येतो. जा तू आता."

मी बाहेर आले आणि बाकावर बसून रडले. आवाज दाबता येईना. थोड्या वेळानं भारतीताई येऊन बाजूला बसल्या.

"काय झाला?"

"खूप बोलली मला. नको नको ते बोलली."

"आई म्हणून बोलली?"

"म्हणजे?"

"आई अशी हाक मारून बोलली, का नुस्तीच?"

मी आठवून पाहिलं. "आई म्हणूनच."

"बाई," त्या म्हणाल्या, "माझी रंजना दोन वरसं मला काय बोलली नाय. रागानं पण नाय. मी पुढं बसली तरी तिला कोण बसलंय त्याचं काय नाय. तुमच्या पोरीला मी घास देते ना, तो चांगुलपणा नाय. तिच्या तोंडाकडं बघत बसते मी. ती चावते, तिखट लागला तर हाय हाय करते. मला वाटतं, ही माझी असती तर." मग त्या उठल्या, लुगडं झटकलं. "तुमी रडता कशाला? मी आत ऐकत होती. माझं काळीज जळत होतं नुस्तं."

पंधरा दिवस मी या बाईवर जळत होते आणि ती माझ्यावर.

मार्चमध्ये होळीच्या आधी केतकी घरी आली. सगळं एकदम नीट झालं असं नाही. वर्षभरानं ती बारावीला बसली, पास झाली. मध्ये एकदा पुन्हा आठ दिवस ॲडमिट व्हावं लागलं, पण तेव्हा ती स्वतः म्हणाली, "आई, चल, मला बरं वाटत नाहीये." आता ती कल्याणला बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोळ्या स्वतःच्या डबीत ठेवते, स्वतः घेते. त्या डबीला मी हात लावत नाही. माझ्या हातचं जेवायला मात्र तिला त्या वर्षीच्या जूनपर्यंत वेळ लागला. एका रविवारी तिनं काही न बोलता ताट पुढे केलं आणि मी आमटी वाढली. थोडी ताटाबाहेर सांडली. ती म्हणाली, "अगं, हळू."

महिन्यातून एकदा ती खडवलीला जाते. भारतीताईंकडे, रंजनाकडे. रंजनाही घरी आहे, घरातली कामं करते, पण बोलत नाही. तीन वर्षांत केतकीनं मला कधी बरोबर ये म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. ती निघाली की मी उगाच भांडी आवरायला घ्यायचे. या फेब्रुवारीत, सोसायटीची सूचना लागली त्याच आठवड्यात, ती बूट घालताना म्हणाली, "येतेस?"

भारतीताईंचं घर गावाच्या टोकाला आहे. अंगणात वालाच्या शेंगांचा ढीग होता आणि रंजना त्यातल्या चांगल्या शेंगा वेगळ्या करत होती. केतकी थेट तिच्यापाशी जाऊन बसली आणि बोलत सुटली. कॉलेज, प्रोजेक्ट, कुठली तरी मैत्रीण. उत्तर येत नव्हतं, तिला त्याची गरजही वाटत नव्हती. मी मध्येच काहीतरी सुचवलं तर ती फणकारली, "आई, तू जरा गप्प बस ना. तुला यातलं काही कळत नाही."

मी ओट्यावर भारतीताईंच्या शेजारी होते. त्या केतकीकडे बघत होत्या. ती नजर मला पाठ होती. काचेला कपाळ लावून मी तशीच बघायचे. आणि त्या क्षणी मला गोड वाटलं. खरंच गोड वाटलं, की माझं पोर मला ओरडतंय आणि हिला ते हवंय. दुसऱ्याच क्षणी मी मान वळवून शेंगांकडे बघू लागले, कारण शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या मुलीला जगवलं होतं.

जेवणं झाल्यावर भारतीताई म्हणाल्या, "बाई, एक मागू? पोरीला चार दिस हिथं ठेवा. ही आली की रंजना दुपारची निजत नाय. बसून ऱ्हाते."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. "राहू? गोळ्या आणल्यात मी."

म्हणजे तिनं आधीच ठरवलं होतं. बॅग भरली होती, मला न सांगता. नेहमीची कळ उठली, अगदी त्याच जागी. पण तिनं विचारलं होतं. न विचारता राहिली असती तर मी काय करणार होते?

"राहा," मी म्हणाले. "परवा फोन कर."

"उद्याच करते," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. भारतीताई मला बांधापर्यंत सोडायला आल्या.

घरी आले तेव्हा सतीशनं दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं. "केतकी कुठंय?"

"भारतीताईंकडे ठेवून आले. चार दिवस."

"तू?" तो म्हणाला. "तू ठेवून आलीस?"

"हो," मी चपला काढत म्हणाले. "पण सबंध वाटभर जळत आलेय."